उभं राहण्याची रीत

चित्रातला माणूस बोलायच्या आधी उभा राहतो. त्याचं गाव, वय, धंदा यांतलं काही कळायच्या आत पाहणाऱ्याला त्याचं उभं राहणं दिसलेलं असतं. वजन कोणत्या पायावर आहे, खांदे कुठे पडलेत, हनुवटी वर आहे की छातीकडे झुकलेली, हात खिशात आहेत की कमरेवर, एवढ्यावरून मन आपला कौल देऊन मोकळं होतं. चेहरा नंतर येतो. म्हणून पात्र काढायला बसले की माझ्या कागदावर आधी त्याचं उभं राहणं उमटतं.

मी कोकणातल्या मंडणगडात राहते. पुस्तकांसाठी, पोस्टरांसाठी चित्रं काढते आणि त्यातून मोकळी झाले की हिपहॉपच्या वळणाची पात्रं काढते. ढगळ पँटी, जाड तळाचे बूट, डोळ्यांवर ओढलेल्या टोप्या आणि या सगळ्याच्या आत ठेक्यावर जिवंत झालेली शरीरं. पाहणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो. सावित्रीच्या खाडीपासून जांभ्याच्या सड्यांपर्यंत पसरलेला, रेल्वे नसलेला हा तालुका कुठे आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात उगवलेली ती कला कुठे? या प्रश्नाचं उत्तर मला हातानेच शोधून दिलं. हिपहॉप ही सगळ्यात आधी उभं राहण्याची रीत आहे, आणि ती रीत आमच्या मातीला परकी नाही.

काम सुरू होतं ते गाणं लावून. गायकाचं छायाचित्र मी समोर ठेवत नाही. मला त्याचा ठेका हवा असतो. हिपहॉपचा ठेका बहुतेक वेळा मिनिटाला नव्वदच्या आसपास पडतो. भरभर चालणाऱ्याच्या पावलांपेक्षा तो सावकाश असतो, म्हणून त्यात शरीराला झुलायला जागा मिळते. जड ठोका टाचेत उतरतो आणि त्यामागून येणारा कडक ठोका खांद्यातून किंवा मानेतून बाहेर निघतो. हे ऐकत मी मऊ पेन्सिलीने डोक्यापासून टाचेपर्यंत एकच वाकती रेघ ओढते. त्या रेघेत माणूस अजून आलेला नसतो, त्याची ओढ मात्र आलेली असते. मग तिच्यावर कमरेची एक आडवी रेघ आणि खांद्यांची दुसरी. या दोन रेघा एकमेकींना समांतर राहिल्या तर माणूस कवायतीला उभा असल्यासारखा दिसतो. कंबर एकीकडे कलली आणि खांदे दुसरीकडे, की त्याच्यात चाल येते. अशी अंगठ्याएवढी माणसं कागदभर होतात. खोडरबर त्या वेळी हाताशी नसतो.

कागद भरला की तोल तपासायचा. गळ्याच्या खळगीतून खाली सरळ ओळंबा सोडला, तर तो दोन पावलांच्या मधे पडायला हवा. तो पावलांच्या बाहेर गेला, तर माणूस कोसळतो आहे किंवा झेप घेतो आहे. हिपहॉपच्या पात्राची गंमत या सीमेवर असते. ओळंबा एका टाचेच्या अगदी कडेला, धड मागे रेललेलं, हात छातीवर बांधलेले आणि तरीही पडण्याची भीती नाही. ब्राँक्समधल्या नाचणाऱ्या मुलांनी जगभर नेलेली ही उभी राहण्याची ऐट जुन्या छायाचित्रांत पुन्हा पुन्हा दिसते. जमीन आपली आहे असं मानणारा माणूसच असा मागे रेलू शकतो.

हा तोल मी पहिल्यांदा पाहिला तो गणपतीत, जाखडीच्या गोलात. मधोमध बुवा आणि त्यांचे साथीदार बसलेले, ढोलकी आणि झांजा चाललेल्या, भोवती रिंगण करून नाचणारे गडी, पायात चाळ बांधलेले. गाण्याची सुरुवात संथ असते. एक पाय पुढे, कंबर वळलेली, वजन मागच्या टाचेवर. लय चढते तशी पावलं जवळ येतात, रिंगण घट्ट होतं आणि एका क्षणी सगळ्यांचे चाळ मिळून एकच वाद्य होतात. मुंबईत या नाचाला बाल्या नाच म्हणून ओळखलं गेलं. मूळचा तो कोकणातल्या कुणबी शेतकऱ्यांचा, भाताची लावणी आटोपल्यानंतरच्या दिवसांतला.

त्यातला शक्ती-तुऱ्याचा सामना तर हिपहॉपच्या माणसाला लगेच ओळखू यावा असा आहे. एका बाजूला शक्तीवाले, समोर तुरेवाले. गण होतो, गवळण होते आणि मग सवाल-जवाब सुरू होतात. एका शाहिराने पुराणातलं कोडं घालायचं, दुसऱ्याने त्याची उकल करून वर आपला सवाल ठेवायचा. मधे मधे टोमणे, समोरच्याच्या गावावरून, आवाजावरून, गेल्या वर्षीच्या हरण्यावरून. लोक रात्रभर बसतात आणि कोणाची ओळ वरचढ ठरली ते घरी जाताना वाटेवर ठरवतात. ब्राँक्समध्ये रॅपर एकमेकांना असंच शब्दांनी भिडत, आणि रॅपर किंवा नाचणारे ज्या रिंगणात उभे राहतात त्याला ते सायफर म्हणतात. रिंगण तेच, मधली जागा तीच. त्या जागेत पाऊल टाकणाऱ्याने स्वतःला सिद्ध करायचं, हा नियमही तोच.

दोन्हीकडची माणसंही मला एकमेकांच्या जवळची वाटतात. मुंबईच्या कापड गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले हजारो गडी राबले. गिरणगावातल्या एकेका खोलीत गाववाले मिळून राहायचे, पाळीपाळीने झोपायचे आणि सणाला आपली जाखडी, आपलं नमनाचं लोकनाट्य तिथे उभं करायचे. परळच्या दामोदर नाट्यगृहाने कोकणातल्या या कलांना शहरात हक्काचं छप्पर दिलं. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांचं आयुष्य त्यात ढवळून निघालं. साऊथ ब्राँक्सही सत्तरच्या दशकात मोडकळीला आलं होतं. मोठ्या रस्त्यासाठी वस्त्या फाडल्या गेल्या होत्या, इमारती जळत होत्या, कारखाने निघून गेले होते. तिथल्या कृष्णवर्णीय आणि पोर्टोरिकन मुलांकडे जे उरलं होतं ते त्यांनी वापरलं: जुन्या तबकड्या, रस्त्याच्या दिव्यातून घेतलेली वीज, अंगण, भिंत आणि आपलं शरीर. हात रिकामे असले की माणूस शरीराकडे वळतो. त्याचा नाच होतो, त्याचं गाणं होतं, आणि चित्रकाराला त्यातूनच पात्र मिळतं.

एका वयस्क बुवांना मी माझी पानं दाखवली होती. नाचणाऱ्यात तुम्ही आधी काय बघता, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “बाय, पयला पाय बघायचा, मंग कंबर. तोंड काय, तोंड सगल्यांनाच आसतं.” चित्रकलेच्या वर्गात याहून नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही.

हिपहॉपचा जन्मदिवस म्हणून ११ ऑगस्ट १९७३ सांगितला जातो. ब्राँक्समधल्या १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवली होती. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता, जो पुढे डीजे कूल हर्क म्हणून ओळखला गेला. गाण्यातला गायनाचा भाग संपून नुसते ढोल वाजतात तो तुकडा आला की नाचणाऱ्यांच्या अंगात येतं, हे त्याने हेरलं. मग दोन तबकड्यांवर तोच तुकडा आळीपाळीने लावून त्याने तो लांबवत नेला. मला चित्रकार म्हणून या हकिकतीतला एक लहानसा तपशील फार मोलाचा वाटतो. त्या पार्टीचं आमंत्रण साध्या कार्डांवर हाताने लिहिलेलं होतं: मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. म्हणजे गाण्याच्या बरोबरीने हाताने काढलेलं अक्षर या कलेच्या पहिल्या दिवसापासून हजर आहे.

त्याच शहरात भुयारी रेल्वेच्या डब्यांवर मुलं आपली नावं रंगवत होती. ती आधी वहीत तयार होत. काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत रचना बांधायची, रंग ठरवायचे, मित्राला दाखवायचं, त्याच्या वहीत आपलं एक पान काढून द्यायचं आणि मगच यार्डात शिरायचं. डब्यावर आधी फिक्या रंगाने बाह्यरेषा, मग आतला भराव, मग चमक आणि शेवटी पुन्हा एकदा ठसठशीत बाह्यरेषा. वरवर मनमानी दिसणाऱ्या त्या कामाला अशी कडक शिस्त होती. अक्षरांच्या शेजारी हळूहळू पात्रंही येऊन उभी राहिली. वॉन बोडे या चित्रकथाकाराची पात्रं त्या मुलांना इतकी आवडली की १९७५मध्ये तो वारल्यानंतरही डोंडी व्हाइटसारख्या रंगवणाऱ्यांच्या हातून ती डब्यांवरून शहरभर फिरत राहिली. त्यांच्यातल्याच ली कीन्योनेसने १९७८मध्ये एका शाळेच्या खेळाच्या भिंतीवर हॉवर्ड द डक हे अख्खं भिंतभर पात्र रंगवलं. यातलं बहुतेक काम पुसलं गेलं. जे आज आपल्याला दिसतं ते मार्था कूपर आणि हेन्री चॅलफंट यांनी चिकाटीने काढलेल्या छायाचित्रांमुळे, त्यांच्या १९८४च्या ‘सबवे आर्ट’ या पुस्तकामुळे. जगाच्या कोपऱ्याकोपऱ्यातल्या मुलांनी त्या पुस्तकावरून रेघा गिरवल्या.

वही, बाह्यरेषा, भराव, चमक, पुन्हा बाह्यरेषा हा क्रम मी आजही पाळते. फक्त शेवटच्या बाह्यरेषेआधी माझी एक परीक्षा असते. सगळी आकृती मी काळ्या रंगाने भरून टाकते. डोळे नाहीत, कपड्यांच्या चुण्या नाहीत, नुसती सावली. त्या सावलीतून माणूस ओळखू आला तरच पुढे जायचं. हात धडावर चिकटले असतील तर सावलीत ते नाहीसे होतात. म्हणून कोपर बाहेर काढायचं, कोपर आणि कमरेच्या मधून मागचा कागद दिसू द्यायचा.

या परीक्षेत पहिल्या नंबराने उतरेल असं पात्र कोकणाने केव्हाच घडवून ठेवलं आहे. नमनातला संकासूर. अंगभर काळा पोशाख, डोक्यावर उंच निमुळती टोपी, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरू. तो मांडावर शिरतो तेव्हा मागे बसलेल्या पोरालाही तो कोण ते सांगावं लागत नाही. काळ्या आकृतीत पांढऱ्याचा एकच झोत, टोपीचं टोक वर, दाढीचं टोक खाली, आणि मधलं शरीर सतत हलतं. पात्राच्या रचनेबद्दल शिकवलं जाणारं बहुतेक सगळं त्याच्यात आहे: ठळक आकार, मोजके रंग, आणि आवाज न ऐकताही कळणारा स्वभाव. तो देवालाही उलटं विचारतो, लोकांना हसवतो, घाबरवतो. रॅपर मंचावर आला की जे काही करतो ते हेच. मी माझ्या मुखवटेवाल्या पात्रांच्या सावल्या करते तेव्हा त्या संकासुराच्या सावलीशेजारी ठेवून बघते. तिथे टिकली ती आकृती पक्की.

सावली पक्की झाली की पोशाख. हिपहॉपच्या चित्रांत घाईने काम करणारे इथूनच सुरुवात करतात: टोपी, साखळी, बूट चढवले की पात्र तयार. पण या पोशाखात एक मागणी दडलेली असते आणि ती कळल्याशिवाय बुटाची रेघही खरी उतरत नाही. सिंडी कॅम्पबेलला नवे कपडे हवे होते, ते शाळेत मान वर करून जाता यावं म्हणून. १९८६मध्ये रन-डीएमसी या गटाने आपल्या आदिदास बुटांवर गाणं केलं. नाडीशिवाय बूट घालणारा पोरगा म्हणजे गुन्हेगार, अशा नजरेला ते उत्तर होतं, आणि गाणं इतकं गाजलं की त्या कंपनीने या गटाशी करार केला. हार्लेममध्ये डॅपर डॅन या शिंप्याने १९८२मध्ये दुकान उघडलं. उंची फॅशनच्या दुकानांत ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्यांच्यासाठी त्याने त्याच नाममुद्रांचे कपडे स्वतःच्या कटाने शिवले. बड्या कंपन्यांनी कायद्याचा बडगा दाखवल्यावर त्याचं दुकान बंद पडलं आणि पुढे पंचवीसेक वर्षांनी त्यांच्यातल्याच एकीने त्याच्याशी हातमिळवणी केली.

पोशाखातली ही मागणी मंडणगडच्या माणसाला वेगळी समजावून सांगायला लागू नये. आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव याच तालुक्यात आहे. सावित्री ओलांडून पुढे गेलं की महाड. तिथे मार्च १९२७मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. अस्पृश्यतेची खूण ठरलेलं नेसणं सोडा, गळ्याहातांतले ते ओझ्याचे दागिने सोडा, नीटनेटक्या राहा, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते तिथल्या तिथे मनावर घेतलं आणि साडी नेसण्याची तऱ्हा बदलली. कोणी कसं नेसावं, कोणी चांगलं घालू नये, हे जिथे जातीने ठरवून दिलेलं होतं तिथे निरीची लांबी हीसुद्धा बंडाची गोष्ट होती. बाबासाहेबांचा स्वतःचा सूट, टाय, कोटाच्या खिशातलं पेन यांतही तोच ठाम अर्थ आहे. गावोगावच्या पुतळ्यांत तो सूट निळा झाला आणि महाराष्ट्रातल्या तरुण आंबेडकरी रॅपरांच्या शब्दांत आज तो निळा रंग पुन्हा पुन्हा येतो. पात्राच्या अंगावर निळा भरताना मी हे सगळं मनाशी धरून असते. तो रंग नुसता शोभेला वापरायचा नाही, एवढं मी स्वतःला बजावलेलं आहे.

गणपतीला मुंबईहून येणारा चाकरमानी एसटीतून उतरतो तेव्हा त्याच्या पायातले नवे बूट, डोळ्यांवरचा चष्मा, इस्त्रीचा शर्ट यांकडे मी याच नजरेने बघते. वर्षभर दहा बाय दहाच्या खोलीत काढलेले दिवस तो अंगणात आणत नाही. गावासमोर तो ताठ उतरतो. हा ताठपणा पोकळ म्हणून हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्यासाठी त्याने किंमत मोजलेली असते. बूट काढायचे तर त्या किमतीसकट काढायचे. म्हणून माझ्या चित्रांत बूट मोठे असतात, त्यांची शिलाई न शिलाई दिसते, आणि चेहऱ्याला मी कधी कधी दोन-तीन रेघांतच निरोप देते.

कपड्यांच्या चुण्यांना स्वतःचं शास्त्र आहे. चुणी हवेत तयार होत नाही. कुठेतरी ताण असतो, तिथून ती निघते. खांदा, कोपर, मांडीचा सांधा, गुडघा ही तिची उगमस्थानं. ढगळ पँट गुडघ्याखाली सुटते आणि सगळा घोळ बुटाच्या माथ्यावर येऊन साठतो. तिथे रेघा आडव्या आणि जाड हव्यात, वर मांडीवर तिरक्या आणि विरळ. हे मला सगळ्यात नीट कळलं ते बाणकोट आणि वेसवीच्या धक्क्यावर बायकांचं नेसणं बघून. कासोटा ओढून बांधलेला असतो तिथे ताण, गुडघ्यामागे सैल. कापड कुठलंही असो, आतलं शरीर काय करतं आहे हे ते सांगून टाकतं.

मग शाई. पेन्सिलीवर शाईची रेघ गिरवली की ती मेली. रेघ नव्याने ओढावी लागते. एका श्वासात, खांद्यातून, पेन्सिलीच्या खुणेवर भरवसा ठेवून पण तिच्यावर नजर न खिळवता. वजन ज्या बाजूला आहे तिथे रेघ जाड, उजेडाच्या बाजूला बारीक. टॅब्लेटवर काम करताना लेखणीच्या दाबावर तेच साधता येतं. तिथला धोका एवढाच, की चुकलेली रेघ पुसणं फुकट असतं आणि त्यामुळे हात भित्रा होत जातो. हात धीट राहावा म्हणून मी आठवड्यातून काही पानं कागदावरच करते, ब्रशपेनने, ठेका लावून. ठोक्यावर रेघ सुरू करायची आणि पुढच्या ठोक्याआधी ती संपवायची.

रेघेच्या बाबतीत मराठी वाचक श्रीमंत आहे. शि. द. फडणीसांनी शब्दांची मदत न घेता नुसत्या स्वच्छ बाह्यरेषेतून लोकांना हसवलं. त्यांच्या ‘हसरी गॅलरी’ने १९६५पासून चित्रं भिंतीवर नेऊन सामान्य माणसाला त्यांच्यासमोर उभं केलं. गोव्याच्या मारिओ मिरांडांच्या गर्दीत शंभर माणसं असली तरी दोघं एकसारखी उभी नसतात. वसंत सरवट्यांची माणसं पाठीच्या एका वळणातून आपला स्वभाव सांगतात. दीनानाथ दलालांनी दिवाळी अंकांच्या पानांवर रेषेला नाचायला लावलं. यांतल्या कोणीही हिपहॉप काढलं नाही. पण शरीराला बोलकं करायची जी विद्या मला हवी होती ती त्यांच्या पानांवर होती, आणि ती घरातल्या जुन्या दिवाळी अंकांतून माझ्या हातात आली.

पात्राशेजारी नाव लिहायचं ठरलं की देवनागरीशी सामना होतो. न्यूयॉर्कच्या मुलांनी रोमन अक्षरं एकमेकांत गुंतवली, बाणांनी जोडली, फुगवली. ती अक्षरं सुटी असल्यामुळे त्यांना रेलता येतं. आपल्या अक्षरांना शिरोरेषा धरून ठेवते, वर रफार, खाली उकार, पुढे-मागे वेलांट्या. सुरुवातीला हा अडसर वाटतो. मग ध्यानात येतं की शिरोरेषा हाच रंगमंच आहे: ती तिरकी केली की सगळा शब्द चालू लागतो, तोडली की शब्द अडखळतो, जाड केली की तो डोक्यावर ओझं घेऊन उभा राहतो. कमल शेडग्यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींमधून हे केव्हाच दाखवून दिलं. त्यांच्या हातून निघालेलं नाटकाचं नाव वाचायच्या आधीच त्या नाटकाचा सूर कळायचा. वेलांटीला शेपटीसारखं सोडायचं की फडकवायचं, हा निर्णय पात्राच्या हाताच्या निर्णयाइतकाच गंभीर असतो.

हे सगळं जमलं तरी एक प्रश्न उरतो, आणि तो कौशल्याचा नाही. काढायचं कोणाला? परक्या शहरातल्या पोराची हुबेहूब आकृती काढणं सरावाने येतं. पण हिपहॉपचा आग्रह अगदी उलट आहे. रॅपर मंचावर आला की आधी आपल्या वस्तीचं नाव घेतो. २०१५मध्ये डिव्हाइन आणि नेझी यांनी मुंबईच्या गल्लीचं नाव गाण्यातच घातलं. एमसी स्टॅनने पुण्याचा ताडीवाला रोड देशाला माहीत करून दिला. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे हंड्रेड आरबीएच, वऱ्हाडीत गातो. स्वदेशी या गटाने २०१९मध्ये आरेच्या जंगलातल्या वारली लोकांचा आवाज प्रकाश भोईर यांच्या सोबतीने गाण्यात आणला. माही जी ही महादेव कोळी समाजातली मुलगी शेतीचं, जंगलाचं दुःख रॅपमध्ये मांडते. यांतल्या प्रत्येकाने ठेका बाहेरून घेतला आणि शब्द घरचा ठेवला. चित्रातही हे झालेलं आहे. शिनिचिरो वातानाबे यांच्या ‘समुराई चँप्लू’ या २००४च्या मालिकेत जुन्या जपानचे तलवारबाज हिपहॉपच्या संगीतावर लढतात आणि त्यातल्या एकाच्या लढण्याच्या चाली सरळ ब्रेकडान्सच्या आहेत. पाहताना ते कुठेही उपरं वाटत नाही, कारण तलवार, वाट, चहाचं दुकान सगळं जपानचंच आहे.

म्हणून माझी पात्रं आता मंडणगडातून निघतात. वेसवीहून बागमांडल्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर गाड्या लावून घेणारा पोरगा बोटीच्या हेलकाव्याविरुद्ध ज्या तऱ्हेने गुडघा सैल ठेवून उभा राहतो, ती तऱ्हा कुठल्याही रॅपरला हेवा वाटावा अशी आहे. चिरेखाणीतला माणूस जांभ्याचा चिरा उचलायच्या आधी पावलं रोवतो. आंब्याच्या पेट्या टेम्पोत चढवणारे दोघं एकमेकांच्या लयीवर झुलतात. मासळीची पाटी उतरवून कमरेवर हात ठेवून भाव सांगणारी बाई इंचभरही मागे हटत नाही. मी त्यांचे चेहरे घेत नाही. ते त्यांचे आहेत. उभं राहणं घेते, त्यावर माझा चेहरा रचते, माझे कपडे चढवते आणि खाली त्यांच्या गावची जमीन काढते. ती जमीन लाल असते, खडबडीत असते आणि पावसाळ्यानंतर तिच्यावर शेवाळाचा पोत येतो. बाकी सगळं बदललं तरी पायाखालचा हा रंग मी बदलत नाही.

आपल्या शाळांत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षा होतात. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो आणि अक्षरलेखनही असतं. पात्र घडवण्याची आणि भिंतीवर नाव रंगवण्याची सगळी पूर्वतयारी या दोन विषयांत होऊ शकते. फक्त मुलांना तयार नमुन्याची बाग, तयार नमुन्याचा बाजार गिरवायला लावू नये. तालुक्यातल्या कलाशिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे: या गणपतीत वर्ग जाखडीच्या गोलाशी न्या, शिमग्यात पालखी नाचवणाऱ्यांच्या खांद्यांकडे बघायला सांगा, एसटी स्टँडवर वही उघडू द्या. मुलांनी ढगळ पँट काढली, रॅपर काढला तर त्यांना थांबवू नका. तो कुठे उभा आहे एवढं मात्र विचारा.

आणि जी मुलं घरी मोबाइलवर बघून अशी पात्रं गिरवतात त्यांना सांगणं एवढंच. गिरवा, हात त्यानेच तयार होतो. पण सही करण्याआधी पात्राच्या पायाखाली आपल्या गावची जमीन काढा. मंडणगडात काढण्याजोगी माणसं भरपूर आहेत, त्यांना काढणारे हात थोडे आहेत. त्यात तुमचा हात पडू द्या.